बॅटरी चार्जरच्या इव्हॅल्युएशन बोर्डावर जास्तीचा स्टँडबाय करंट: शोध कसा घ्यावा

चार्जर चिपच्या डेटाशीटमध्ये स्टँडबाय करंट दहा-वीस मायक्रोअँपिअर लिहिलेला असतो, आणि त्याच चिपच्या इव्हॅल्युएशन बोर्डाला बॅटरी जोडून मीटर लावला की आकडा चारशे, आठशे, कधी दोन हजार मायक्रोअँपिअर दिसतो. नव्याने हे काम करणाऱ्याचा पहिला संशय चिपवर जातो. प्रत्यक्षात चिप सदोष निघण्याचे प्रसंग फार थोडे असतात. इव्हॅल्युएशन बोर्ड हा चिपची सगळी वैशिष्ट्ये दाखवता यावीत आणि प्रत्येक सिग्नलला प्रोब लावता यावा यासाठी बनवलेला असतो. बॅटरी महिनोन्‌महिने टिकावी हा त्याच्या रचनेमागचा हेतूच नसतो. म्हणून त्यावर एलईडी असतात, जंपर (हाताने काढता-घालता येणारे छोटे जोड) असतात, पुल-अप रेझिस्टर (सिग्नलची रेषा वरच्या पातळीवर धरून ठेवणारे) असतात, कधी जोडीला फ्युएल गेज (बॅटरीत किती चार्ज उरला ते सांगणारी चिप) किंवा छोटा मायक्रोकंट्रोलरही असतो, आणि या प्रत्येकाचा खर्च त्याच बॅटरीतून होतो. त्यामुळे शोध बाहेरून आत न्यावा: आधी मोजणी, मग बोर्डाला लावलेल्या तारा, मग जंपर आणि दिवे, मग चिपमधील सेटिंग, त्यानंतर सुट्या भागांतील गळती आणि सर्वांत शेवटी चिप.

पुढील सर्व विवेचन एका लिथियम-आयन सेलच्या, म्हणजे पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देणाऱ्या बॅटरीच्या चार्जरबद्दल आहे.

आधी ठरवा: नेमका कोणता करंट?

स्टँडबाय करंट या एका नावाखाली किमान तीन वेगळे आकडे वावरतात, आणि बराचसा घोळ इथेच होतो. पहिला आकडा म्हणजे चार्जरला बाहेरून वीज दिलेली नसताना बॅटरीतून बाहेर जाणारा करंट. दुसरा म्हणजे यूएसबी किंवा अडॅप्टर जोडलेला आहे, चार्जिंग पूर्ण झालेले आहे, अशा वेळी इनपुटमधून घेतला जाणारा करंट. तिसरा शिप मोडमधील, म्हणजे बॅटरी आणि बाकीचे सर्किट यांच्यामधला मॉस्फेट (स्विचसारखा वापरलेला ट्रान्झिस्टर) बंद करून ठेवलेला असतानाचा करंट.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बीक्यू२५८९५ या चिपचे उदाहरण घेऊ. बाहेरची वीज नसताना आतला बॅटरी मॉस्फेट बंद असेल तर तिच्या डेटाशीटमध्ये १२ मायक्रोअँपिअर हा सर्वसाधारण आणि २३ मायक्रोअँपिअर हा कमाल आकडा दिलेला आहे. तोच मॉस्फेट चालू असेल तर हे आकडे ३२ आणि ६० होतात. दोन्ही ओळींच्या अटींमध्ये बॅटरी मॉनिटर, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारा आतला एडीसी, बंद असावा असेही लिहिलेले असते. १२ मायक्रोअँपिअरची अपेक्षा धरून बसलेल्या माणसाला ५५ दिसले तर तो पाचपट करंटाची तक्रार करतो, पण मॉस्फेट चालू असेल तर ५५ हा आकडा निर्दोष चिपचाही असू शकतो. म्हणून डेटाशीटमधील फक्त आकडा वाचू नये. त्याच्या शेजारचा अटींचा रकाना शब्दशः वाचावा, आणि आपला बोर्ड त्या अटींत बसतो का, हे कागदावर लिहून पाहावे. सर्वसाधारण आकड्याशी नव्हे, तर कमाल आकड्याशी तुलना करावी.

चिपचा आकडा आणि बोर्डाचा आकडा यांत किती अंतर असू शकते, हे पाहायला टीपी४०५६ चे छोटे मॉड्यूल पुरेसे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ते सहज मिळते. काटेकोर अर्थाने तो इव्हॅल्युएशन बोर्ड नव्हे, पण शिकण्यासाठी तसाच उपयोगी पडतो. या चिपचा चार्जिंग संपल्यानंतरचा इनपुट करंट डेटाशीटनुसार सुमारे ५५ आणि जास्तीत जास्त १०० मायक्रोअँपिअर असतो. मॉड्यूलवर मात्र इनपुटपासून १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एलईडी लावलेला असतो. ५ व्होल्टमधून एलईडीचे २ ते ३ व्होल्ट वजा केले तर तो एकटाच २ ते ३ मिलिअँपिअर घेतो. चिपच्या चाळीस-पन्नास पट करंट घेणारा हा भाग डेटाशीटच्या त्या ओळीत कुठेच नसतो.

शोध किती खोलवर न्यायचा, हेही याच टप्प्यावर ठरवावे. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १०० मायक्रोअँपिअरने रिकामी व्हायला सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागतो, २.२ मिलिअँपिअरने ती ३८ दिवसांत संपते. पहिल्या परिस्थितीत बॅटरीचा स्वतःचा डिस्चार्जही हिशेबात येऊ लागतो आणि शेवटच्या पाच मायक्रोअँपिअरसाठी दोन दिवस घालवणे बहुतेक वेळा परवडत नाही.

मोजणीची मांडणी

या टप्प्याला घाई करू नये, कारण चुकीची मोजणी पुढच्या प्रत्येक निष्कर्षाला चुकीच्या दिशेने नेते.

सुरुवातीला खऱ्या बॅटरीऐवजी बेंच पॉवर सप्लाय वापरणे सोयीचे असते: व्होल्टेज हवे तसे बदलता येते आणि करंटावर मर्यादा घालता येते. बॅटरीच्या टर्मिनलवर ४.२ व्होल्ट आणि सुरुवातीची मर्यादा ५०० मिलिअँपिअर ठेवावी. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. चार्जरच्या इनपुटलाही वीज दिलेली असेल, तर चार्जर या सप्लायलाच बॅटरी समजून त्यात करंट ढकलतो, आणि साधा बेंच सप्लाय बाहेरून आत येणारा करंट शोषू शकत नाही. त्याचे व्होल्टेज वर सरकते आणि सगळी मोजणी निरर्थक होते. अशा चाचणीत सप्लायच्या समांतर असा लोड रेझिस्टर लावावा, जो चार्जिंग करंटापेक्षा जास्त करंट स्वतः घेईल. इनपुट मोकळा ठेवून केलेल्या चाचणीत ही अडचण येत नाही. खरी बॅटरी वापरायचीच असेल, तर संरक्षण सर्किट असलेला सेल घ्यावा आणि तारांची उघडी टोके टेबलावर सोडू नयेत.

बेंच सप्लायच्या डिस्प्लेवरील करंटाचा आकडा बहुधा एक किंवा फार तर एक दशांश मिलिअँपिअरपर्यंतच दिसतो. त्यावर शून्य दिसले म्हणून करंट नाही असे होत नाही. म्हणून मध्ये मल्टिमीटर लागतो, आणि मल्टिमीटरचीही स्वतःची अडचण असते. करंट मोजताना मीटर आतल्या एका रेझिस्टरवरचे व्होल्टेज वाचतो, आणि तेवढे व्होल्टेज बोर्डाला कमी मिळते. फ्लूक ८७-व्ही या चांगल्या मीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजवर दर मायक्रोअँपिअरला १०० मायक्रोव्होल्ट पडतात, म्हणजे मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घातल्यासारखे होते. ४०० मायक्रोअँपिअरला ही घट फक्त ४० मिलिव्होल्ट असते आणि ती खपून जाते. पण चिप जागी होताना क्षणभर २० मिलिअँपिअर घेत असेल, तर २ व्होल्ट मीटरमध्येच पडतात, चिप कमी व्होल्टेजमुळे बंद होते, मग पुन्हा जागी व्हायला जाते आणि पुन्हा बंद होते. मीटरवर एक नाचणारा, मोठा, निरर्थक आकडा दिसत राहतो. ज्या स्वस्त मीटरमध्ये पूर्ण रेंजला २०० मिलिव्होल्ट पडतात, त्याच्या २०० मायक्रोअँपिअरच्या रेंजवर हा आतला रेझिस्टर १ किलोओहमचा असतो. तिथे हा प्रकार आणखी लवकर घडतो.

यावर साधा उपाय असा की मीटरच्या दोन टोकांना समांतर एक जंपर किंवा स्विच लावून ठेवावा. तो जोडलेला असताना बोर्ड सुरू होऊ द्यावा, चिप स्थिर झाली की तो उघडावा आणि मग आकडा वाचावा. रेंज बदलण्यापूर्वी तो पुन्हा जोडावा, कारण मीटरची तार एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घालताना सर्किट तुटते, आणि चिपच्या दृष्टीने ती बॅटरी काढून पुन्हा लावण्याचीच घटना असते. ऑटोरेंजही बंद ठेवावी.

मीटरवर फारसा भरवसा नसेल तर बॅटरीच्या मार्गात १ टक्का अचूकतेचा १०० ओहमचा रेझिस्टर घालून त्यावरील मिलिव्होल्ट मोजणे हा मला अधिक स्वच्छ मार्ग वाटतो, ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर, हे गणित डोक्यात सहज राहते. समांतर स्विच इथेही हवाच. हे काम वारंवार करावे लागणार असेल, तर नॉर्डिक सेमिकंडक्टरच्या पॉवर प्रोफायलर किट २ सारखे साधन घेणे योग्य ठरते. ते ०.८ ते ५ व्होल्ट स्वतः पुरवते आणि करंटाचा काळानुसार आलेखही दाखवते. आलेखाचा उपयोग असा की मल्टिमीटर फक्त सरासरीच्या जवळपासचे काहीतरी दाखवतो. दर सेकंदाला २ मिलिसेकंदांसाठी ५ मिलिअँपिअर घेणाऱ्या भागाची सरासरी १० मायक्रोअँपिअर येते, आणि हा करंट सलग गळतो आहे की ठोक्याठोक्याने, हे कळल्याशिवाय त्याचा धनी सापडत नाही.

मोजणीतील आणखी एक बारकावा बोर्डावरचे व्होल्टेज मोजण्याच्या साधनांचा आहे. बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा व्होल्टेज मोजतानाचा रोध १० मेगाओहम असतो, म्हणून बॅटरीच्या टोकांवर लावलेला दुसरा मीटर ४.२ व्होल्टला ०.४२ मायक्रोअँपिअर घेतो. ऑसिलोस्कोपचा प्रोब १-एक्सवर राहिला असेल तर १ मेगाओहममुळे हाच आकडा ४.२ मायक्रोअँपिअर होतो. करंट वाचताना बाकीचे सगळे प्रोब काढून ठेवावेत.

सप्लाय जोडल्यापासून किमान पाच मिनिटे थांबून आकडा लिहावा. कपॅसिटर भरल्यावरही त्यांतील गळती काही मिनिटे हळूहळू उतरत असते.

बोर्डाला लावलेल्या तारा

आता बॅटरीचे दोन टर्मिनल सोडून बोर्डाला जोडलेली प्रत्येक गोष्ट काढावी: यूएसबी केबल, लोड, थर्मिस्टरची (तापमान मोजणाऱ्या रेझिस्टरची) लांब तार, आणि विशेषतः संगणकाशी बोलणारा आय-टू-सी अडॅप्टर. आय-टू-सी म्हणजे एसडीए आणि एससीएल या दोन तारांवरून चिपशी बोलण्याची पद्धत. या अडॅप्टरकडे नवख्यांचे हमखास दुर्लक्ष होते. त्याचा संगणकाकडील भाग बंद असेल, तर बोर्डावरील पुल-अपमधून निघालेला करंट एसडीए आणि एससीएल तारांवरून अडॅप्टरच्या चिपच्या संरक्षक डायोडमध्ये शिरतो आणि त्या बंद चिपला अर्धवट वीज पुरवू लागतो. ३.३ व्होल्टच्या रेलवरून (वीज पुरवणाऱ्या मार्गावरून) १० किलोओहमच्या पुल-अपमधून एखादी रेषा जमिनीच्या पातळीला ओढली गेली, तर एका रेषेमागे ३३० मायक्रोअँपिअर जातात. दोन रेषांचे ६६०. अडॅप्टर चालू असतानाही त्याचे सॉफ्टवेअर दर सेकंदाला चिपचे रजिस्टर (सेटिंग आणि मोजणी साठवणारे कप्पे) वाचत असेल, तर तोही खर्च आकड्यात मिसळतो. डेटाशीटमधील आकडे आय-टू-सीवर कोणतीही हालचाल नसताना मोजलेले असतात.

तारा काढण्याआधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवावा. फरक मोठा निघाला, तर उरलेला शोध बोर्डावर नव्हे, त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे.

जंपर आणि दिवे

स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचा आराखडा, समोर ठेवून बोर्डावरील प्रत्येक जंपर बॅटरीपासून जमिनीपर्यंत एखादा मार्ग उघडतो का, हे पाहावे. यात साधारणपणे सापडतात त्या गोष्टी म्हणजे सिस्टिम रेलवर लावलेला पॉवर एलईडी, स्टेटस पिनेचा एलईडी, बॅटरीचे व्होल्टेज मोजण्यासाठीचा डिव्हायडर, आणि थर्मिस्टरच्या जागी लावलेला स्थिर रेझिस्टर. १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर ४.२ व्होल्टला २१० मायक्रोअँपिअर घेतो. तेच दोन रेझिस्टर १ मेगाओहमचे असतील तर २.१. थर्मिस्टरचा डिव्हायडर चार्जर चिपच्या स्वतःच्या रेग्युलेटरवर असेल, तर बाहेरची वीज नसताना तो रेग्युलेटर सहसा बंद असतो आणि करंट जात नाही. पण जंपरने त्याला कायम चालू असलेल्या ३.३ व्होल्टच्या रेलवर नेलेले असेल, तर १०-१० किलोओहमच्या जोडीतून १६५ मायक्रोअँपिअर वाहत राहतात.

फ्युएल गेज असेल तर त्याचा खर्च वेगळा मांडावा. मॅक्स१७०४८ हा गेज काम करताना सुमारे २३ मायक्रोअँपिअर आणि हायबर्नेट अवस्थेत सुमारे ३ मायक्रोअँपिअर घेतो. हा दोष नव्हे, पण बेरजेत तो नसेल तर हिशेब जुळत नाही. सेलवरील डीडब्ल्यू०१ए सारख्या संरक्षण चिपचेही सुमारे ३ मायक्रोअँपिअर असतात. मात्र ते सेल आणि तिच्या संरक्षण पट्टीमध्येच वाहतात, म्हणून मीटर त्या पट्टीच्या बाहेर लावलेला असेल तर ते दिसणारच नाहीत.

जंपर एकेक करून काढावेत आणि दर वेळी आकडा लिहावा. मात्र जंपर काढल्याने एखादी इनेबल पिन (भाग चालू-बंद करणारी) अधांतरी राहत नाही ना, हे आधी पाहावे. अधांतरी राहिलेली सीमॉस पिन मधल्याच कुठल्यातरी व्होल्टेजवर थांबते, आतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू होतात आणि करंट उलट वाढतो. हात जवळ नेल्यावर आकडा बदलत असेल, तर कुठली तरी पिन अधांतरी आहे असे खुशाल समजावे.

व्होल्टेज बदलून करंटाचा स्वभाव ओळखणे

जंपर काढूनही करंट उरला, की बहुतेक जण लगेच सोल्डरिंग आयर्न हातात घेतात. त्याआधी दहा मिनिटांची एक चाचणी करावी, जी माझ्या मते या सगळ्या क्रमात सर्वांत जास्त माहिती देते. सप्लायचे व्होल्टेज ४.२ वरून ३.२ पर्यंत थोडे थोडे उतरवत प्रत्येक ठिकाणचा करंट लिहावा आणि आलेख काढावा. चिप कमी व्होल्टेजमुळे स्वतः अवस्था बदलते त्या मर्यादेच्या खाली मात्र जाऊ नये.

करंट व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत असेल, तर तो रेझिस्टर आहे, आणि त्याची किंमतही लगेच काढता येते. ४.२ व्होल्टला २१० आणि ३.२ व्होल्टला १६० मायक्रोअँपिअर आले, तर एका व्होल्टला ५० मायक्रोअँपिअरचा फरक म्हणजे २० किलोओहम. स्कीमॅटिकमध्ये २० किलोओहमचा, किंवा १०-१० चा मार्ग शोधला की काम झाले. आलेख सरळच आहे, पण ती रेषा मागे वाढवली असता शून्य व्होल्टवर न जाता २ व्होल्टच्या आसपास शून्याला टेकते, असे दिसले तर मध्ये एलईडी किंवा डायोडांची साखळी आहे. ४.२ व्होल्टला २.२ मिलिअँपिअर आणि ३.२ व्होल्टला १.२ मिलिअँपिअर, हे १ किलोओहमसह लाल एलईडीचे ठळक लक्षण होय. व्होल्टेज बदलूनही करंट जवळपास तेवढाच राहतो, तेव्हा तो बहुधा एखाद्या चिपचा आतला बायस करंट, म्हणजे ती चालू राहण्यासाठी लागणारा करंट, असतो.

चौथा प्रकार उलटा असतो. व्होल्टेज कमी केले की करंट वाढतो: ४.२ व्होल्टला ४०० आणि ३.२ व्होल्टला ५२५ मायक्रोअँपिअर. दोन्ही ठिकाणी गुणाकार १.६८ मिलिवॉट येतो. स्थिर शक्ती घेणारे हे लक्षण स्विचिंग कन्व्हर्टरचे आहे, म्हणजे बोर्डावरचा एखादा बक (व्होल्टेज उतरवणारा) किंवा बूस्ट (चढवणारा) कन्व्हर्टर चालू आहे आणि त्याच्या पलीकडे काहीतरी भार आहे. अशा वेळी बॅटरीच्या बाजूचे रेझिस्टर तपासत बसणे व्यर्थ असते.

याच्या जोडीने हेअर ड्रायरने बोर्ड किंचित तापवून पाहावा. सेमिकंडक्टरमधील गळती दर १० अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते, म्हणून २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेल्यास ती चौपट दिसते; रेझिस्टरमधून जाणारा करंट मात्र जवळजवळ हलत नाही. ड्रायरचा झोत एका वेळी एकाच भागावर धरला तर संशयिताचा पत्ताही लागतो.

रेझिस्टरलाच मीटर समजणे

बोर्डावर आधीपासून बसवलेला प्रत्येक रेझिस्टर हा एक तयार करंट मीटर आहे. प्रत्येक पुल-अपच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजत जावे. फरक शून्य असेल तर त्यातून करंट जात नाही. १० किलोओहमवर १ व्होल्ट पडत असेल तर १०० मायक्रोअँपिअर जात आहेत. एकही भाग न काढता अर्ध्या तासात साऱ्या बोर्डाची झाडाझडती होते. स्टेटस, इंटरप्ट, एसडीए, एससीएल या चारही रेषा बोर्ड शांत असताना वरच्या पातळीवर असायला हव्यात. इंटरप्टची रेषा खालीच अडकलेली असेल तर कोणत्या तरी चिपला काही सांगायचे आहे आणि ते कोणी वाचलेले नाही.

याच वेळी चार्जरच्या इनपुट टर्मिनलवरचे व्होल्टेजही मोजावे. फक्त बॅटरी जोडलेली असताना तिथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवे. साडेतीन व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर बॅटरीकडून इनपुटकडे, बहुधा एखाद्या मॉस्फेटच्या बॉडी डायोडमधून, उलटा मार्ग उघडलेला आहे, आणि इनपुटवरील एलईडी, डिव्हायडर, टीव्हीएस (व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारा डायोड) हे सगळे आता बॅटरीच्या जिवावर चालले आहेत.

चिपमधील सेटिंग

आय-टू-सीवर चालणाऱ्या चार्जरमध्ये इथे बराच करंट लपलेला असतो. बीक्यू२५८९५ मध्ये एडीसी एकदाच मोजणी करून थांबू शकतो किंवा दर सेकंदाला आपोआप मोजत राहू शकतो. इव्हॅल्युएशन सॉफ्टवेअरच्या पडद्यावर बॅटरीचे व्होल्टेज सतत दिसावे म्हणून दुसरा पर्याय निवडला जातो आणि नंतर तो तसाच राहतो. ओटीजी, म्हणजे बॅटरीतून यूएसबीकडे ५ व्होल्ट देणारी बूस्ट अवस्था, जंपरने किंवा रजिस्टरने चालू राहिली असेल, तर भार नसतानाही काही मिलिअँपिअर जातात. वर सांगितलेल्या चौथ्या प्रकारच्या आलेखामागे पुष्कळदा हेच असते, आणि इनपुट टर्मिनलवर साडेतीनऐवजी ५ व्होल्ट दिसले की खात्री पटते.

शिप मोडची मोजणी क्रमाने करावी. प्रथम वीज देणारा अडॅप्टर काढावा, कारण तो लावणे ही या चिपच्या दृष्टीने शिप मोडमधून बाहेर पडण्याची सूचना असते. बॅटरी जोडलेली असताना, मीटरच्या समांतर स्विच जोडलेला ठेवून, रजिस्टर ०९ मधील बॅटरी मॉस्फेट बंद करणारा बिट ५ चालू करावा. विलंबाचा बिट ३ चालू असेल तर मॉस्फेट दहा-पंधरा सेकंदांनी बंद होतो, तेवढे थांबावे. मग बॅटरीला धक्का न लावता आय-टू-सीची तार काढावी आणि शेवटी मीटरचा स्विच उघडावा. सिस्टिम रेलचे व्होल्टेज शून्याकडे उतरलेले दिसले नाही, तर शिप मोड लागलेलाच नाही. बॅटरी काढून पुन्हा लावली, तर हा सारा क्रम पहिल्यापासून करावा लागतो.

भागांतील आणि पाटीवरील गळती

इथपर्यंत काही सापडले नाही आणि तापवल्यावर करंट वाढत होता, तर शॉटकी आणि टीव्हीएस डायोडांकडे वळावे. १एन५८१९ या शॉटकीची उलट दिशेची गळती पूर्ण ४० व्होल्टला २५ अंशांवर कमाल १ मिलिअँपिअर आणि १०० अंशांवर १० मिलिअँपिअर इतकी चालते, असे तिची डेटाशीट सांगते. ४ व्होल्टला ती बरीच कमी असते, पण मायक्रोअँपिअरच्या हिशेबात शून्य नसते. एसएमएजे५.०ए या ५ व्होल्टच्या टीव्हीएसला ५ व्होल्टवर ८०० मायक्रोअँपिअरपर्यंत गळती मान्य आहे. यूएसबी इनपुटवर हाच टीव्हीएस असेल आणि मोजायचा आकडा इनपुटचा असेल, तर १०० मायक्रोअँपिअरच्या चिपबद्दल तक्रार करण्याआधी तो काढून पाहावा. टँटलम कपॅसिटरची मान्य गळती साधारणपणे कपॅसिटी आणि व्होल्टेज यांच्या गुणाकाराच्या एक शतांश धरतात. १०० मायक्रोफॅरड, १० व्होल्टला ती १० मायक्रोअँपिअर होते. सिरॅमिक कपॅसिटर चांगला असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करता येते, पण पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, वाकल्यामुळे त्याला तडा गेला असेल तर तो कितीही गळू शकतो.

हाताने सोल्डर केलेल्या बोर्डावर फ्लक्सचे अवशेष हेही एक कारण असते. ४.२ व्होल्टच्या आणि जमिनीच्या दोन पॅडमध्ये १ मेगाओहमचा मार्ग तयार झाला तरी ४.२ मायक्रोअँपिअर जातात. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण कोरड्या दिवशी निर्दोष असलेली पाटी दमट हवेत गळू लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पाटी धुवावी, चिपखाली अल्कोहोल साचू देऊ नये, कोमट हवेने पूर्ण वाळवावी आणि मगच पुन्हा मोजावे. ओल्या पाटीवर घेतलेला आकडा आधीपेक्षा वाईटच येतो.

भाग काढणे, आणि शेवटी चिप

भाग काढण्याची वेळ आलीच, तर अर्धा-अर्धा करत जावे. सिस्टिम रेलवरून पुढे जाणारा मार्ग एखाद्या शून्य ओहमच्या रेझिस्टरमधून जात असेल तर आधी तो काढावा. करंट गेला तर दोष पलीकडे, राहिला तर अलीकडे. असे तीन-चार वेळा केले की संशयितांची यादी दोन-तीन भागांवर येते. एका वेळी एकच भाग काढावा आणि प्रत्येक बदलानंतर आकडा लिहावा, हा नियम कंटाळवाणा वाटला तरी मोडू नये.

बॅटरीच्या बाजूला फक्त चिप आणि तिचे कपॅसिटर उरले आणि तरीही करंट कमाल आकड्याच्या कितीतरी वर असेल, तरच चिप जखमी झाली असे म्हणता येते. त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे जिवंत केबल इनपुटला खोचणे. लांब केबलचा इंडक्टन्स आणि इनपुटवरचा सिरॅमिक कपॅसिटर मिळून व्होल्टेज क्षणभर जवळजवळ दुप्पट उसळवू शकतात. ५ व्होल्टचे १० होऊ शकतात, आणि टीपी४०५६ च्या इनपुटची सहनशक्ती तर ८ व्होल्टच आहे. अशी अर्धवट दुखावलेली चिप चार्जिंग नीट करते, दिवे नीट लावते, आणि फक्त गळते. नवी चिप बसवताना इनपुटवर थोडा रोध असलेला, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा कपॅसिटर समांतर जोडल्यास ही उसळी बरीच दबते. त्याच्या गळतीची नोंद मात्र इनपुटच्या हिशेबात करून ठेवावी.

चिपच्या उत्पादकाच्या तांत्रिक विभागाला लिहायचे झाल्यास पत्रात पुढील गोष्टी असाव्यात: बोर्डाची आवृत्ती, प्रत्येक जंपरची स्थिती, बॅटरीच्या टर्मिनलवर प्रत्यक्ष मोजलेले व्होल्टेज, खोलीचे तापमान, मीटरची रेंज, सर्व रजिस्टरांची वाचलेली मूल्ये, आणि ३.२ ते ४.२ व्होल्टपर्यंतचा करंटाचा आलेख. रजिस्टर वाचण्यासाठी आय-टू-सी जोडावे लागते, म्हणून करंट आधी लिहून घ्यावा आणि रजिस्टर नंतर वाचावेत.